पोलीस पाटलाची सेवा गावाने लिहून ठेवावी

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आजी-माजी सरपंचांच्या नावांचा फलक बहुधा दिसतो. पंचवीस-तीस वर्षे गावची शांतता सांभाळून निवृत्त झालेल्या पोलीस पाटलाचे नाव मात्र क्वचितच कुठे लिहिलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यात तरी असे होऊ नये. ज्या अहिल्यादेवींचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्यांचे वडील माणकोजी शिंदे जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे पाटील होते. त्या काळी पाटीलकी वतनाने, बापाकडून मुलाकडे चालत येई. 1962 च्या कायद्याने महसुली पाटलांचे वतनी पद संपले आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा प्रांताधिकाऱ्यांनी नेमलेला, मानधनावरचा सेवक झाला. वयाच्या साठीपर्यंत त्याची मुदत वाढवता येते. म्हणजे सरपंच बदलतात, ठाणेदारांच्या बदल्या होतात, पण पोलीस पाटील तोच राहतो. गावाच्या सार्वजनिक जीवनातला इतका दीर्घ दुवा दुसरा नाही. त्याची नोंद न ठेवणे म्हणजे गावाने स्वतःच्याच इतिहासाचा मोठा भाग गमावणे होय.

त्याचे काम नजरेत का भरत नाही, हे कायदाच सांगतो. गुन्ह्यांची, गावाच्या आरोग्याची आणि एकूण परिस्थितीची माहिती दंडाधिकाऱ्यांना देत राहणे, शांतता बिघडवणाऱ्या गोष्टींची खबर पोचवणे, पोलिसांना मदत करणे आणि गुन्हा घडण्याआधीच तो रोखणे ही त्याची कर्तव्ये आहेत. यातले शेवटचे सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमकी त्याचीच कुठे आकडेवारी होत नाही. बांधावरून झालेली बाचाबाची कुऱ्हाडीपर्यंत गेली, तर गुन्ह्याचा क्रमांक पडतो. ती चावडीवर मिटली, तर कागदावर काहीच उरत नाही. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरवाड्या, कालव्याच्या आवर्तनावरून होणारे तंटे, उसात शिरलेला बिबट्या, पाथर्डीकडून ऊसतोडीला गेलेल्या घरांत मागे राहिलेली म्हातारी माणसे, मढीची यात्रा: इतक्या ठिकाणी पोलीस ठाण्याची गाडी वेळेवर पोचेलच असे नाही. गावातला माणूस तिथे आधीच असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. गावातला माणूस गावातल्या भावकीचा, जातीचा आणि दबावाचाही असतो; त्याचा गौरव म्हणजे जुन्या पाटीलकीचाच गौरव नव्हे का? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. जामखेड तालुक्यातल्याच खर्डा इथे 2014 मध्ये एका दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. गावाची भीती न्यायालयापर्यंत पोचते, ती अशी. पण यातून निघणारा निष्कर्ष पद नको असा नाही. निर्भयपणे खरे सांगणारा माणूस त्या पदावर हवा, असा आहे. वतन गेले, नेमणुकीत आरक्षण आले, महिला पोलीस पाटील झाल्या. त्यामुळे हे पद एका घराण्याचे उरलेले नाही. शिवाय स्मरण म्हणजे स्तुती नव्हे. प्रामाणिक नोंदीत कोणाच्या काळात काय मिटले आणि काय दडपले गेले, दोन्ही आले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की 112 क्रमांक आणि सीसीटीव्हीच्या काळात पोलीस पाटील हवाच कशाला. फोन येतो तो भांडण पेटल्यावर, आणि कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. दोन भावांत बोलणे बंद झाले आहे, हे त्यातले कोणीच सांगत नाही. शासनानेही 2024 मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये केले, ते या पदाची गरज मानूनच.

मानधन शासन देईल. स्मरण गावालाच करावे लागेल. पोलीस पाटील निवृत्त होताना ग्रामसभेने त्याच्या कार्यकाळाचा वृत्तान्त वाचून इतिवृत्तात नोंदवावा, आणि त्यात गावातल्या सर्व वस्त्यांचे म्हणणे घ्यावे. पुतळा नको, कमान नको. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा आणि हयात असलेल्या जुन्या पोलीस पाटलांपासून सुरुवात करा.