उत्तरेची वाट आणि इशाची वेळ

आमच्या विट्याला लांबच्या प्रवासाचं अप्रूप नाही. इथले आणि आसपासच्या गावांतले गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेले आहेत. मे महिना लागला, लग्नं-जत्रा जवळ आल्या की त्यांच्या गाड्या गावाकडे वळतात. तमिळनाडूतून निघून हजारेक किलोमीटर एका दमात कापायचे आणि पहाटे आमच्या दारात चहाला हजर व्हायचं, असे मित्र आम्हाला आहेत. त्यामुळे लेकीचा गोथेनबर्गहून फोन आला, "या सुट्टीत सगळे इकडे या, गाडीने स्वीडन-नॉर्वे फिरू," तेव्हा अंतराची धास्ती घरात कुणालाच वाटली नाही.

जावई मूळचे रत्नागिरीकडचे. पुण्यात मोटारींच्या धंद्यात होते, तिथून व्होल्वोच्या या गावात गेले. आम्ही दोघं, दहावीची परीक्षा दिलेला धाकटा आणि आमचे अब्बा असे चौघे जायचं ठरत होतं. अब्बांचं वय शहात्तर. साखरेचा आजार आहे, एक गुडघा कुरकुरतो, पण फिरायची हौस अजून तशीच. फोन त्यांच्या हातात गेला. त्यांनी हवा विचारली नाही, तिकिटाचे पैसे विचारले नाहीत. एवढंच विचारलं, "जूनमध्ये तिथे इशा किती वाजता होते?"

लेक हसली आणि बोलून गेली, "होतच नाही, दादा."

अब्बांनी फोन आमच्याकडे दिला. "मग तुम्ही जाऊन या," म्हणाले आणि वुजूला उठले.

खरं सांगायचं तर आम्हालाही या बाबीची नीट माहिती नव्हती. विट्यात जूनमध्ये सातच्या पुढे सूर्य मावळतो, सव्वा-दीड तासात आभाळ पुरतं काळं होतं आणि इशाची अजान होते. हे इतकं अंगवळणी पडलंय की यामागे काही हिशेब असतो हे लक्षातच येत नाही. सूर्य क्षितिजाखाली साधारण अठरा अंश गेला की संधिप्रकाश संपतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून अंधार झटकन पडतो. उत्तरेकडे उन्हाळ्यात तो तिरका, क्षितिजाला घासत जातो. साधारण साडेअठ्ठेचाळीस अक्षांशाच्या वर गेलं की जूनच्या मध्यावर तो अठरा अंश खाली जातच नाही. पॅरिस या रेषेच्या जरासं उत्तरेला आहे, गोथेनबर्ग तर जवळपास अठ्ठावन्न अंशांवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सव्वाचारला उगवतो. मधले सहा तास उत्तरेकडे उजेडाची पट्टी राहते. मगरिबचा शफक संपेना, आणि त्यातूनच फजरची पहाट सुरू होते.

जावयांचं उत्तर तयार होतं. कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे ते शाफई. प्रवासात मगरिब आणि इशा एकत्र पढता येतात, म्हणाले, प्रश्नच मिटला. आमचा मात्र मिटला नाही. आम्ही हनफी. प्रवासात कसर आहे, म्हणजे जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. पण अराफात आणि मुजदलिफा सोडून दोन नमाजा एका वेळी जोडणं हनफी मसलकात नाही. सासरे-जावयांच्या फोनवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. आवाज कुणाचा चढला नाही, पण मागे कुणी हटलंही नाही.

आम्ही आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून हा प्रश्न आमच्यापुरता नाही, हजार वर्षं जुना आहे हे कळलं. इसवी सन 921 मध्ये बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवलं. त्यात इब्न फदलान होते. 922 च्या उन्हाळ्यात ते तिथे पोहोचले. त्यांनी लिहून ठेवलंय की एका संध्याकाळी ते राजाच्या शिंप्याशी, जो मूळचा बगदादचाच होता, तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत बसले. थोड्या वेळाने अजान झाली. बाहेर येऊन बघतात तर उजाडलेलं. मुअज्जिनला विचारलं तेव्हा कळलं की ती अजान फजरची होती. आणि इशा? ती आम्ही मगरिबसोबतच पढतो, असं मुअज्जिन म्हणाला. फजर चुकेल या भीतीने आपण महिनाभर रात्री झोपलेलो नाही, हेही त्याने सांगितलं.

हनफी उलेमांत यावर पुढे मोठी चर्चा झाली. वेळच आली नाही तर नमाज लागू होते का, असं काहींनी विचारलं. इब्न अल्-हुमाम यांच्यासारख्या मोठ्या फकिहाने इशा फर्जच राहते असं मत दिलं. एकोणिसाव्या शतकात कझानचे आलिम शिहाबुद्दीन मरजानी यांनी याच एका प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि इशा माफ होत नाही हेच मांडलं. फर्ज आहे तर मग वेळ कशी धरायची? कुणी जवळच्या अशा प्रदेशाची वेळ घेतात जिथे संधिप्रकाश संपतो, कुणी रात्रीचे सात भाग पाडून पहिला संपला की इशा धरतात, कुणी रात्रीचा मध्य घेतात. इमामसाहेब म्हणाले, "ज्या शहरात असाल तिथल्या मशिदीचं वेळापत्रक घ्या आणि त्याप्रमाणे पढा. गाडीत बसून स्वतःचा हिशेब मांडू नका." आमचा सल्ला विचाराल तर हाच, फक्त आधी आपापल्या इमामांना विचारून घ्या.

अब्बा हे सगळं ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आम्ही तेवढ्यावर नकाशा उघडला.

तारखांची अडचण सर्वांत मोठी निघाली. ऑगस्टअखेरीस या, म्हणजे रात्रही होईल आणि इशाही वेळेवर मिळेल, असं लेक म्हणाली. पण तोवर धाकट्याचं अकरावीचं कॉलेज सुरू झालेलं असणार. जूनच्या 19 ते 25 दरम्यानच्या शुक्रवारी स्वीडनमध्ये मिडसमर असतो, तेव्हा दुकानंही बंद. जुलैत अर्धा देश सुट्टीवर, राहायला जागा मिळणं मुश्कील. यंदा बकरी ईद मेच्या अखेरच्या आठवड्यात आहे. ईद घरी करून जूनच्या पहिल्या तारखांना निघायचं आणि मिडसमरच्या आत परत यायचं, असं ठरलं. काही वर्षांपूर्वी रमजान याच दिवसांत यायचा. तेव्हा स्टॉकहोमचा रोजा वीस तासांच्या घरात जायचा. त्या मानाने आम्ही सुखी.

रस्ता असा आखला: गोथेनबर्गहून ओस्लो, सुमारे तीनशे किलोमीटर. तिथून डोंगर ओलांडून बर्गन, परत ओस्लो, मग स्टॉकहोम आणि गोथेनबर्ग. शेवटी एक दिवस मालमोवरून कोपनहेगन. या शेवटच्या टप्प्याची धाकट्याला सर्वांत जास्त उत्सुकता आहे. 2000 साली सुरू झालेला ओरेसुंडचा रस्ता आधी जवळपास आठ किलोमीटर समुद्रावरच्या पुलाने जातो, मग माणसाने बांधलेल्या बेटावर उतरतो आणि चक्क समुद्राखालच्या बोगद्यात शिरतो.

जावयांनी पहिल्या आराखड्यात ओस्लो ते बर्गन एका दिवसात धरलं होतं. साडेचारशेच्या वर किलोमीटर. आमचे गलाईवाले मित्र हसतील, पण नॉर्वेत शहराबाहेर साधारण ताशी ऐंशीचीच मर्यादा, वळणं सतत आणि दंड कंबरडं मोडणारा. त्यात अब्बांचं जेवण-औषध वेळेवर व्हायला हवं. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नाही, हा नियम आम्ही घातला आणि मधे एक मुक्काम वाढवला. याच वाटेवर लेरदालचा बोगदा लागतो, साडेचोवीस किलोमीटरचा, वाहनांच्या बोगद्यांत जगात सर्वांत लांब. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या दिव्यांच्या गुहा केल्यात. आपल्या खंबाटकीचा जुना बोगदा एक किलोमीटरचाही नाही, तरी मुलं त्यात शिरताना आरडाओरडा करतात.

गाडी तिकडे उजव्या बाजूने चालवायची. आमची छाती यानेच धडधडते. पण स्वीडनही आधी आपल्यासारखाच डावीकडून चालायचा. 3 सप्टेंबर 1967 च्या पहाटे पाच वाजता सगळा देश एकदम उजवीकडे वळला. ते एका रात्रीत शिकले, आम्हाला निदान दोन महिने आहेत. दिवसाढवळ्याही हेडलाइट लावून ठेवायचे, मागच्यांनीही पट्टा बांधायचा. भाड्याची सात आसनी गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची, कारण गिअर उजव्या हाताला येतो. ती दुसऱ्या देशात नेता येईल असं कंपनीकडून लेखी घ्यायचं. टोलनाक्यावर थांबणं बहुतेक ठिकाणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं, तेव्हा खर्चात ते धरून ठेवा. सांगलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो वर्षभर चालतो.

व्हिसा शेंगेनचा. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिशात तिन्ही देश होतात. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. मोठ्यांना फी 90 युरो आणि किमान 30 हजार युरोंचा आरोग्य विमा सक्तीचा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

खाण्याचं मात्र आम्ही घरातच भांडून ठरवलं. स्वीडन आणि नॉर्वेत जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय जबिहाला कायद्याने मनाई आहे, डेन्मार्कमध्येही 2014 पासून. तिथले बरेच मुसलमान असं हलाल मांस खातात, बरेच खात नाहीत. अब्बा खाणार नाहीत, हे न विचारता कळलं. मग आम्हीही नाही. मासा आहे, डाळ-भात आहे. म्हणून हॉटेलांऐवजी स्वयंपाकघर असलेल्या लाकडी झोपड्या घेतल्या. तिकडे त्या कॅम्पिंगच्या जागी भाड्याने मिळतात आणि सहा जणांना स्वस्तही पडतात. ओस्लोच्या ग्रोनलांड भागात पाकिस्तानी दुकानं बरीच आहेत, तिथे पीठ-मसाल्याची सोय होते.

बॅगेत काय न्यायचं यावर लेकीची यादी आली, तिला आम्हीच कात्री लावली. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचा कुठलाच पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे खिमा नाही, तूप नाही, पेढेही नाहीत. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून पाचच फळं सुटलीत: अननस, केळं, नारळ, ड्युरियन आणि खजूर. रत्नागिरीच्या जावयाला हापूस नाही, हे सांगताना आम्हालाच वाईट वाटलं. सांगलीचं भडंग, लिंबाचं लोणचं आणि बाजरीचं पीठ मात्र जाईल.

अब्बांसाठी आम्ही एक वही केली. प्रत्येक मुक्कामाचं गाव, तिथला किब्ला (विट्यात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिकडे आग्नेयेकडे), सूर्योदय, सूर्यास्त आणि इशासाठी जवळच्या मशिदीची वेळ, सगळं मोठ्या अक्षरात. स्टॉकहोमची मोठी मशीद शंभर वर्षांहून जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे, हेही लिहिलं. बर्गनच्या पानावर सूर्यास्त रात्री अकरा. इन्सुलिनची चिठ्ठी इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीची, वहीच्या खिशात.

वही त्यांनी दोन दिवस उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "तो बुल्गारचा मुअज्जिन खरंच महिनाभर झोपला नव्हता?"

तसं लिहिलेलं आहे, आम्ही म्हणालो.

"मला पंधराच दिवस काढायचेत," ते म्हणाले. "दुपारी गाडीत झोपेन."

बोटांचे ठसे द्यायला येत्या गुरुवारी मुंबईला जायचंय. वेळ सकाळी साडेदहाची आहे. आम्ही आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करू म्हणत होतो, अब्बांना ते पटलेलं नाही. रात्रीच निघू, फजर पनवेलला पढू, असं त्यांनी आम्हाला सांगून टाकलंय.