चमच्याच्या पाठीवरचा सिंह

आपल्या चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांचे डाय बनतात. एवढ्याशा लोखंडावर कोरलेली नक्षी पत्र्यावर कशी उमटते, हे पालघर-बोईसरच्या बायकांना वेगळे सांगायला नको. आज आपण अशाच ठशांविषयी बोलू, जुन्या इंग्रजी चांदीच्या चमच्यांवरच्या.

असे चमचे जमवणारे शौकीन जगभर आहेत. आपल्याकडे एखादा चमचा जुन्या पेटीत पडून असतो आणि अडीनडीला थेट तराजूवर जातो. मोडीच्या भावाने देण्याआधी तो उलटा करा आणि दांड्याची मागची बाजू भिंगाखाली बघा.

एक पाय उचलून चालणारा सिंह दिसला, तर ती इंग्लंडमध्ये तपासलेली चांदी: हजार भागांत 925 भाग शुद्ध. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. एकटे अक्षर वर्ष सांगते. राजाचे किंवा राणीचे डोके असेल, तर चमचा बहुधा 1784 ते 1890 मधला. तेव्हा कर भरल्याची ती खूण होती. उरलेली आद्याक्षरे कारागिराची.

या आद्याक्षरांनीही किंमत बदलते. लंडनच्या हेस्टर बेटमन यांचे पती 1760 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाची खूण नोंदवली आणि 1790 पर्यंत कारखाना चालवला. त्यांच्या 'एच बी' खुणेचे चमचे शौकीन आजही शोधतात आणि चांदीच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजतात.

'ई पी एन एस' अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर वर फक्त चांदीचा मुलामा. आत तांबे, जस्त, निकेल. जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हीला ते सहसा चिकटत नाही.

सिंह नाही म्हणून चमचा खोटा, असेही नाही. कच्छ-भुजच्या कारागिरांनीही इंग्रजी धाटणीची चांदीची भांडी घडवली. शंका आली तर हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता तपासून घ्या.

आणि राख, रांगोळी किंवा तारेच्या घासणीने चमचा घासू नका. ठसे झिजतात आणि ओळख पुसली जाते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. विकायचाच असेल, तर आधी ठशांचे फोटो काढा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि पावती घ्या.