ऑटिझम म्हणजे नेमकं काय? मेंदूतली 'छाटणी' कमी पडते तेव्हा...

जालना तालुक्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळा सरला की फळछाटणी. छाटणी चुकली तर वेल पाल्यानेच भरतो. बाळाच्या मेंदूतही अशीच एक छाटणी होत असते.

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी भराभर जोडल्या जातात. या जोडण्या म्हणजे सिनॅप्स. त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात. मग वापरात नसलेल्या हळूहळू काढल्या जातात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मृत मुला-तरुणांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपण संपेपर्यंत या जोडण्यांची दाटी इतर मुलांत सुमारे निम्म्याने घटली होती. ऑटिझम असलेल्यांत घट होती फक्त १६ टक्के.

इंजिनिअरिंगला आम्ही 'सिग्नल' आणि 'नॉइज' शिकलो, तेच इथे आठवतं. वायर कमी नाहीत, जास्त आहेत. मिक्सरचा आवाज किंवा शर्टाचं लेबल काही मुलांना असह्य का होतं, याचा अंदाज त्यावरून येतो. अर्थात हा अभ्यास थोड्या मेंदूंवरचा होता आणि प्रत्येक मुलाचा ऑटिझम वेगळा असतो.

मग दोष कुणाचा? घरात बोट आधी आईकडे वळतं, हल्ली मोबाइलकडेही. 'आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो' हा जुना सिद्धांत कधीच मोडीत निघाला. लसीला दोष देणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइलमुळे ऑटिझम होतो, हेही सिद्ध झालेलं नाही. सर्वात मोठा वाटा जनुकांचा आहे. त्यातली शँक-३ सारखी काही जनुकं थेट सिनॅप्सच्या बांधणीशी जोडलेली आहेत.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून निदान होत नाही. मुलाचं वागणं पाहावं लागतं. वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नाही, आलेले शब्द गेले, तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबू नका. मेंदूची जडणघडण सुरू असतानाच थेरपीचा उपयोग जास्त होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अडचण अशी, की अंबड-मंठा भागातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल त्या दिवशी गावात असेलच असं नाही. परतल्यावर अंगणवाडी सेविकेकडे पुढची तारीख विचारा किंवा जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना थेट दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे निदानानंतर प्रमाणपत्रासाठी अर्जही करता येतो.