क्रम कुणाचा, वायर कुणाची?

एक्सटीसी या इंग्लिश बँडच्या टेरी चेंबर्सने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या तिथे गेल्या आठवड्यात आपण थांबलो. पुढची तीन वर्षं मी भरभर ओलांडणार आहे, कारण मला वुडस्टॉकला पोचायची घाई आहे.

‘ममर’ (1983) आणि ‘द बिग एक्स्प्रेस’ (1984) या दोन अल्बमांना फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. बँडचा म्होरक्या अँडी पार्ट्रिज स्टेजवर चढायला तयार नव्हता. त्यामुळे दौरे बंद, दौरे बंद म्हणून अमेरिकेत नाव नाही, आणि व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीच्या खात्यात एक्सटीसीच्या नावावरचं देणं तेवढं वाढत होतं. त्यातच 1 एप्रिल 1985 ला या मंडळींनी ‘द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ अशा टोपणनावाने साठच्या दशकातल्या सायकेडेलिक संगीताची नक्कल करणारी एक छोटी तबकडी काढली. निव्वळ गंमत म्हणून, किरकोळ खर्चात. ब्रिटनमध्ये ती ‘द बिग एक्स्प्रेस’पेक्षा जास्त खपली! स्वतःच्या नावाने घाम गाळून केलेलं पडून राहतं आणि खोट्या नावाने खिदळत केलेलं विकलं जातं, यावर हसावं की रडावं? पण या तबकडीने एक गोष्ट दाखवून दिली. 1978 च्या त्या तुटक, टोकदार, धापा टाकणाऱ्या एक्सटीसीच्या पोटात एक मऊ, सुरेल, साठच्या दशकातला बँड दडलेला होता.

तो बाहेर काढायला दाई हवी होती. व्हर्जिनने फर्मान काढलं, की या वेळी निर्माता अमेरिकन हवा. पुढे आलेल्या यादीत गिटारवादक डेव्ह ग्रेगरीला टॉड रंडग्रेन हे नाव दिसलं आणि तो हरखला, कारण तो रंडग्रेनचा जुना भक्त. पार्ट्रिजलाही त्यानेच पटवलं.

रंडग्रेन कोण, हे दोन ओळींत सांगतो. मीट लोफचा ‘बॅट आउट ऑफ हेल’ (1977) त्याने घडवला आणि न्यूयॉर्क डॉल्सचा पहिला अल्बमही त्याचाच. 1972 च्या ‘समथिंग/एनिथिंग?’ या त्याच्या स्वतःच्या दुहेरी अल्बमच्या चार बाजूंपैकी तीन बाजूंवर ड्रम्सपासून गाण्यापर्यंत सगळं त्याने एकट्याने केलं आहे. म्हणजे दुसऱ्याला विचारायची सवय नसलेला माणूस. पार्ट्रिजलाही ती सवय नव्हती. स्टीव्ह लिलीव्हाइट असो की ह्यू पॅडगम, इंग्लंडमधले निर्माते त्याच्या कलाने घेत. आता समोर तेवढाच तल्लख, तेवढाच तिरकस आणि कुणाच्याच कलाने न घेणारा गडी आला होता.

1986 च्या वसंतात पार्ट्रिज, ग्रेगरी आणि बेसवादक कॉलिन मोल्डिंग हे तिघं न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ रंडग्रेनच्या ‘यूटोपिया साउंड’ स्टुडिओत पोचले. (त्याच मार्चमध्ये त्यांच्या स्विंडन गावातला रेल्वे कारखाना कायमचा बंद झाला. ज्या शहराची ओळखच रेल्वे, त्या शहरातून ही पोरं बाहेर पडली तीही नेमकी याच सुमारास.) ते पोचले तेव्हा अल्बम तयार होता! म्हणजे एक सूरही मुद्रित झालेला नव्हता, पण त्यांनी पाठवलेल्या घरगुती डेमोंच्या ढिगातून रंडग्रेनने गाणी निवडली होती आणि त्यांचा क्रमही लावून ठेवला होता. उन्हाळ्याच्या रणरणीत दुपारी सुरू व्हायचं आणि शेकोटीपाशी संपवायचं. एक दिवस म्हणा, एक वर्ष म्हणा, एक आयुष्य म्हणा. पार्ट्रिजला विचारलंच नव्हतं. शिवाय चौदापैकी पाच गाणी कॉलिन मोल्डिंगची होती. एरवी त्याच्या वाट्याला यापेक्षा कमी येत. भांडणाची पहिली ठिणगी इथेच पडली.

हा क्रम माझा जुना छंद आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

साधारणपणे अल्बम होतो तो असा. चोवीस ट्रॅकच्या दोन इंची टेपवर गाणी जमतील तशी मुद्रित होतात. अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला पंधरा इंच या वेगाने तेहतीस मिनिटं चालतं, तीस इंचांनी चालवलं तर सोळा-सतरा मिनिटं. या रिळावर शेवटचं गाणं पहिलं असतं, तिसरं दुसऱ्या रिळावर असतं, आणि त्याची कुणाला फिकीर नसते. मग मिक्स होतं, मिक्स पातळ टेपवर उतरतं, आणि अगदी शेवटी ती टेप ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडून क्रम लावला जातो. क्रम ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी गोष्ट. पटलं नाही तर ब्लेड पुन्हा हातात घ्यायचं.

रंडग्रेनने हे उलटं केलं. तबकडीवर ज्या क्रमाने गाणी येणार, त्याच क्रमाने ती टेपवर घ्यायची, मधले सांधेही तिथेच भरायचे. यात पैसा आणि वेळ वाचतो, हे खरं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की सातवं गाणं उचलून दुसऱ्या जागी ठेवायची सोय उरत नाही. आपल्याकडे गवई मैफलीचा क्रम स्वतः ठरवतो. समोरचे चेहरे बघतो, गळा कसा लागलाय ते बघतो आणि भैरवी कधी घ्यायची ते त्याचं तो ठरवतो. इथे आयोजकानेच गवयाच्या हातात यादी दिली होती, आणि वर सांगितलं होतं, की ही बदलणार नाही.

त्या यादीने काय साधलं ते ऐका. ‘समर्स कॉल्ड्रन’ सुरू होतं ते किड्यांच्या किरकिरीत. त्यातली मेलोडिका खुद्द रंडग्रेनने वाजवली आहे. गाणं संपतंय असं वाटेपर्यंत पायाखाली मोल्डिंगचं ‘ग्रास’ आलेलं असतं. दोन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या घरांत लिहिलेली गाणी, पण एकाच उन्हात भिजलेली. पुढे ‘बॅले फॉर अ रेनी डे’चा हलका पाऊस थेट ‘1000 अम्ब्रेलाज’च्या तंतुवाद्यांत शिरतो. ही तंतुवाद्यांची रचना ग्रेगरीची आहे, आणि त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं, असं माझं मत आहे. ‘द मीटिंग प्लेस’मध्ये कारखान्याचे आवाज येतात, ते ऐकताना मघाचा स्विंडनचा कंस आठवतो. ‘द मॅन हू सेल्ड अराउंड हिज सोल’ या पार्ट्रिजच्या गंभीर गाण्याला रंडग्रेनने हेरपटाच्या संगीताचा कोट चढवला. आणखी एक चविष्ट तपशील म्हणजे ‘दॅट्स रिअली सुपर, सुपरगर्ल’मधला ग्रेगरीचा गिटार सोलो. तो ज्या रंगवलेल्या गिब्सन एसजी गिटारवर वाजवला, ती एके काळी एरिक क्लॅप्टनच्या खांद्यावर होती. ‘द फूल’ या नावाने ती ओळखली जाते. तेव्हा ती रंडग्रेनच्या मालकीची होती. लहानपणापासून क्लॅप्टन घोटणाऱ्या मुलाच्या हातात ती आली, तेव्हा त्याची बोटं थरथरली असतील का?

वाजवण्याचा क्रमही असाच उलटा होता. पाया फेअरलाइट संगणकावर बांधायचा, त्यावर गिटार आणि बाकीचं चढवायचं, आणि ड्रम्स नंतर सॅन फ्रान्सिस्कोत घ्यायचे. तिथे ‘द ट्यूब्ज’चा प्रेअरी प्रिन्स वाजवायला बसला. तो उत्तम वाजवतो, पण ‘ड्रम्स अँड वायर्स’मध्ये (1979) चेंबर्सच्या ठोक्यांवर सगळा बँड उभा असायचा, तसं हे नाही. इथे सगळा बँड आधीच उभा आहे आणि ठोका नंतर येऊन पोचतो. एक्सटीसीचा आवाज बदलला असं आपण म्हणतो ना, तो बदलला इथे. ढकलणारा ठोका गेला, तरंगणारे थर आले.

भांडणं मात्र तरंगत नव्हती. ‘अर्न इनफ फॉर अस’च्या बेसवरून मोल्डिंग आणि पार्ट्रिज यांचं एवढं पेटलं, की मोल्डिंग बँड सोडून चालता झाला. समजूत घालून त्याला परत आणावं लागलं. तीन माणसांच्या बँडमधून एक गेला तर उरतं काय? पार्ट्रिज पुढे कित्येक वर्षं मुलाखतींतून रंडग्रेनच्या नावाने बोटं मोडत राहिला. आणि तोच पार्ट्रिज, जरा थंड झाल्यावर, अल्बम अखंड वाटतो याचं श्रेयही त्यालाच देत आला.

मिक्स हातात आलं तेव्हा कुणालाच आवडलं नाही. आवाज पातळ आहे, खालचा भाग गायब आहे, अशी तक्रार झाली. मिक्स पुन्हा करून घेतलं, तरी समाधान नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये ‘स्कायलार्किंग’ निघाला. ब्रिटनमध्ये 90 व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि थांबला.

इथून मी सरळ ‘डिअर गॉड’ या गाण्याच्या भानगडीकडे जाणार होतो, तसं कबूलही केलं होतं. पण एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि ते मला सोडवत नाही. ते विचारतात, ‘या अल्बमच्या नव्या आवृत्तीवर पोलॅरिटी दुरुस्त केल्याचं लिहिलंय. म्हणजे डावा-उजवा स्पीकर उलटा होता का? आणि चोवीस वर्षं कुणाच्या कानाला ते कळलं कसं नाही?’ तेव्हा ‘डिअर गॉड’ पुढच्या आठवड्यात. आधी ही वायर सोडवू.

डाव्या-उजव्याचा इथे संबंध नाही. ड्रमवर टोला बसला की हवेचा दाब आधी वाढतो, मग उतरतो. मायक्रोफोनचा पडदा आत ढकलला जातो, विजेचा दाब धन होतो, आणि सगळं सरळ असेल तर शेवटी तुमच्या स्पीकरचा कोन पुढे येतो. पोलॅरिटी उलटली की तोच टोला ऐकवताना कोन आधी मागे जातो. स्टुडिओतल्या केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांवर परस्परविरुद्ध दिशांनी जातो, वरून जाळीचं वेष्टण असतं. टोकाच्या तीन पिनांपैकी दोन आणि तीन नंबरची अदलाबदल झाली की सिग्नल उलटा. आणि ही अदलाबदल करायला कुणी बेशिस्तच असायला हवं असं नाही. आज दोन नंबरची पिन धन मानतात, पण त्या काळातल्या अमेरिकेतल्या कितीतरी यंत्रांवर तीन नंबरची धन असे. दोन पिढ्यांची यंत्रं एकमेकांना जोडली की झालं काम.

2010 मध्ये पार्ट्रिजच्या स्वतःच्या कंपनीने ‘स्कायलार्किंग’ नव्याने तबकडीवर आणायचं ठरवलं. मास्टरिंगला बसलेल्या जॉन डेंटच्या लक्षात आलं, की मूळ मास्टरची पोलॅरिटी उलटी आहे. मल्टिट्रॅक यंत्र आणि मिक्स उतरवणारं यंत्र यांच्यामधल्या वायरिंगमध्ये कुठेतरी गफलत झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. पार्ट्रिजला केवढा आनंद झाला असेल! म्हणजे आवाज पातळ वाटत होता तो भास नव्हता, कान बरोबरच होते. रंडग्रेनने हा सगळा प्रकार थोतांड म्हणून उडवून लावला. 2016 मध्ये स्टीव्हन विल्सनने मूळ मल्टिट्रॅकवरून सराउंड मिक्स केलं, तेव्हा त्याही आवृत्तीवर ‘पोलॅरिटी दुरुस्त’ हा शिक्का आलाच.

आता मला काय वाटतं ते सांगतो, आणि यावर मंडळी चिडतील याची कल्पना आहे.

दोन चॅनलपैकी एकच उलटा असेल तर तो बहिऱ्यालाही कळेल इतका कळतो. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, हवा एकमेकांना खाते, बेस नाहीसा होतो, मधोमध उभा असलेला गायक भिंतीत विरघळतो. पण दोन्ही चॅनल एकदमच उलटे असतील तर दोन्ही कोन एकाच दिशेने हलतात, कुणी कुणाला खात नाही. ड्रमचा टोला, ट्रम्पेट, माणसाचा आवाज अशा असमान लहरींमध्ये सूक्ष्म फरक काही कानांना जाणवतो, हे मी मान्य करतो. पण सगळा बेस त्यात बुडाला असं त्यातून सिद्ध होत नाही. म्हणूनच चोवीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, आणि नवी आवृत्ती जाडजूड वाटते त्यात नव्या मास्टरिंगचा हात किती आणि दोन पिनांचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

हे घरीच तपासता येतं. मूळ 1986 ची आवृत्ती लावा. अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या वायरी आपसात बदला. दोन्हींच्या, एकाच्या नव्हे. झाली पोलॅरिटी दुरुस्त, खर्च शून्य. मग ‘ग्रास’ ऐका आणि ठरवा. मी हा प्रयोग केला आहे. ड्रमला किंचित धार आल्यासारखं वाटतं, आणि बाकी अल्बम जिथल्या तिथे राहतो.

माझ्या मते पार्ट्रिजला टोचत होती ती वायर नव्हतीच. आपली गाणी कोणत्या गाण्याशेजारी बसणार, कशी उघडणार, कुठे मिटणार, ही सत्ता त्याच्या हातून त्या वसंतात गेली होती. ती गेल्यामुळेच ‘समर्स कॉल्ड्रन’ला ‘ग्रास’ची सोबत मिळाली आणि मोल्डिंगची पाच गाणी अल्बमचा कणा झाली. 2010 मध्ये पोलॅरिटी दुरुस्त करताना कुणीही रंडग्रेनने लावलेला तो क्रम मोडून गाणी नव्याने मांडली नाहीत, पार्ट्रिजनेही नाही. कंपनी त्याची होती, ब्लेडही आता त्याच्याच हातात होतं. हा निकाल मला कोणत्याही मुलाखतीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

अर्थात, त्या क्रमातलं एक गाणं आधीच, 1987 मध्ये, अमेरिकन कंपनीने उचलून बाहेर फेकलं होतं आणि त्याऐवजी ‘डिअर गॉड’ घेतलं होतं. त्याचा हिशोब पुढच्या आठवड्यात. तोवर वायरी बदलून ऐकाल तर कळवा, आणि एकाच स्पीकरच्या बदलल्यात तर तेही कळवा.