धाग्यात न उरणारं विष

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शहाड-आंबिवलीच्या सुमारास नाकाला रुमाल लावायचा, हे त्या मार्गावर वाढलेल्या कुणाला शिकवावं लागत नसे. शहाडला सेंच्युरी रेयॉन, पुढे आंबिवलीजवळ मोहोन्याला नॅशनल रेयॉन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘एनआरसी’. ‘कंपनीचा वास’ एवढं म्हटलं की विषय संपायचा. लाकडातून निघालेल्या, रेशमासारख्या झळाळणाऱ्या धाग्याच्या कारखान्याला सडक्या अंड्यांचा वास का यावा, या प्रश्नाचा पिच्छा मी अनेक वर्षं पुरवतो आहे. त्याचं उत्तर कल्याणपासून पार पॅरिसपर्यंत आणि सोलपर्यंत घेऊन जातं.

रसायन थोडक्यात सांगतो. लाकडाचा लगदा शुद्ध करून त्याचे जाड पुठ्ठ्यासारखे ताव बनवतात. ते साधारण 18 टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, पिळायचे, कुटून भुगा करायचा आणि काही काळ मुरत ठेवायचा. मग त्यात कार्बन डायसल्फाइड सोडायचं, सेल्युलोजच्या वजनाच्या साधारण 30 टक्के. भुगा नारिंगी होतो आणि सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळून त्याचा मधासारखा घट्ट द्राव बनतो. हाच व्हिस्कोस. तो गाळून, पिकवून, बारीक भोकांच्या चकतीतून गंधकाम्लाच्या कुंडात दाबला की सेल्युलोज पुन्हा घन होऊन तंतू बाहेर येतो, तोच रेयॉन. त्याच क्षणी कार्बन डायसल्फाइड सुटं होतं, सोबत हायड्रोजन सल्फाइडही निघतो. लोकलमध्ये येणारा वास तो हाच. दुकानात पोचलेल्या कापडात या विषाचा मागमूस उरत नाही. ते आधीच हवेत गेलेलं असतं, आणि त्या हवेत कुंडावर वाकून तुटलेला धागा जोडणारा कामगार उभा असतो.

चार्ल्स क्रॉस, एडवर्ड बेव्हन आणि क्लेटन बीडल या तीन इंग्रज रसायनज्ञांनी या कृतीचं पेटंट घेतलं 1892 मध्ये. 1904 मध्ये कोर्टोल्ड्‌स या जुन्या रेशीम कंपनीनं 25 हजार पौंडांना त्याचे हक्क विकत घेतले आणि अफाट पैसा कमावला. ती यशोगाथा कापडउद्योगाच्या कुठल्याही इतिहासात सापडते. त्यात फारसं न भेटणारं नाव आहे ऑग्युस्त देल्पेश या फ्रेंच डॉक्टरचं. पॅरिसमध्ये रबराचे फुगे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइड वापरत. तिथल्या कामगारांना त्यानं तपासलं: आधी उत्तेजना, संताप, भयानक स्वप्नं, मग स्मृतिभ्रंश, हातापायांतली ताकद जाणं, ऐन तारुण्यात म्हातारपण. त्याचा पहिला निबंध 1856 चा आहे. म्हणजे व्हिस्कोसचं पेटंट निघालं तेव्हा हे ज्ञान 36 वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध होतं. 1902 मध्ये थॉमस ऑलिव्हर या ब्रिटिश डॉक्टरनं तर लिहून ठेवलं की, भ्रम झालेल्या कामगार मुलींनी बाहेर उड्या घेऊ नयेत म्हणून काही रबर कारखान्यांच्या खिडक्यांना गज बसवले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कोर्टोल्ड्‌सचा कारखाना सुरू झाला. ‘तेव्हा कुणाला माहीत होतं?’ ही सबब रेयॉनच्या बाबतीत चालणार नाही.

या शोधात मला सर्वांत हलवून टाकणारा दस्तऐवज भेटला तो वैद्यकीय नव्हताच. आन्येस उंबेर ही पॅरिसमधली कला-इतिहासकार. नाझींनी शहर घेतल्यावर तिथल्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयाभोवती जमलेल्या प्रतिकार-गटात ती होती. 1941 मध्ये पकडली गेली. तिच्या गटातल्या सात पुरुषांना फेब्रुवारी 1942 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. तिला सक्तमजुरीसाठी जर्मनीत पाठवलं. क्रेफेल्ड इथल्या फ्रिक्स कंपनीच्या रेयॉन कारखान्यात तिला धागा काढण्याच्या विभागात उभं केलं. आम्लानं भाजलेली बोटं, सुजलेले डोळे, वेदनेनं तळमळणाऱ्या, दिवसचे दिवस आंधळ्या होणाऱ्या कैदी बायका हे सगळं तिनं 1946 च्या आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. रसायनशास्त्राचं तिचं शिक्षण नव्हतं, पण चित्रं पाहायला सरावलेली नजर होती. ‘रेयॉनवाल्यांचे डोळे’ या व्याधीचं इतकं नेमकं वर्णन मी वैद्यकाच्या पुस्तकांतही वाचलेलं नाही.

त्याच नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या एका माणसाचा धागाही इथे येऊन जुळतो. मेंदूतल्या ‘लेवी बॉडीज’ आपल्याला कंपवाताच्या संदर्भात ठाऊक असतात. त्या 1912 मध्ये प्रथम वर्णन करणारा बर्लिनचा फ्रिडरिख लेवी ज्यू होता. 1933 नंतर तो अमेरिकेत पोचला, फिलाडेल्फियात स्थिरावला. औद्योगिक विषबाधेच्या संशोधनात आयुष्य घातलेल्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या रेयॉन कामगारांची पाहणी करत होत्या. कामगारांच्या मज्जासंस्थेची तपासणी त्यांनी लेवीवर सोपवली. 1938 च्या अहवालानं अमेरिकी कारखान्यांतलं दुखणं पहिल्यांदा सरकारी कागदावर आणलं. 1968 मध्ये वेल्समधल्या कामगारांच्या मृत्युनोंदींवरून हृदयविकाराचाही संबंध उघड झाला. दुष्परिणाम फक्त मज्जासंस्थेवर आणि डोळ्यांवर होतो, ही समजूत तिथे संपली.

आणि यंत्रं? ती प्रवास करत राहिली. जपानमध्ये वापरून झालेली यंत्रसामग्री 1960 च्या दशकात दक्षिण कोरियात गेली, वोन्जिन रेयॉन उभी राहिली. तिथे 900 हून अधिक कामगारांना विषबाधाग्रस्त म्हणून मान्यता मिळाली. दीर्घ लढ्यानंतर 1993 मध्ये कंपनी बंद पडली. यंत्रं चीनला विकली गेली. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत संतापजनक पान वाटतं. त्यातही कोरियन कामगारांनी भरपाईच्या पैशातून स्वतःची रुग्णालयं उभी केली, हे विसरता येत नाही.

कार्बन डायसल्फाइडशिवाय लाकडाचा धागा काढता येतोच. लायोसेलच्या पद्धतीत सेल्युलोज थेट एका अमाइन ऑक्साइडमध्ये विरघळवतात आणि 99 टक्क्यांहून जास्त द्रावक परत मिळवतात. 1990 च्या दशकापासून हा धागा बाजारात आहे. तरीही लगद्यापासून बनणाऱ्या धाग्यांत आजही मोठा वाटा व्हिस्कोसचाच आहे, कारण तो स्वस्त पडतो.

एनआरसी 2009 मध्ये बंद झाली. तिथे स्पिनिंग खात्यात राबलेली माणसं अजून मोहोने, आंबिवली, टिटवाळा, कल्याणमध्ये राहतात. काही आपापल्या गावी परतली. कुणाचे वडील, काका, शेजारी त्यांत असतील, तर त्यांना विचारा: कोणत्या खात्यात होतात, किती वर्षं, डोळे कधी दुखायला लागले, झोप कधी उडाली, छातीत कधी दुखलं? उत्तरं तारखांसकट लिहून ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ठाणे-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी या माणसांपर्यंत पोचावं, त्यांची पद्धतशीर तपासणी करावी. त्यांतली अनेक माणसं आता उतारवयात आहेत.