पडणारा माणूस आणि हसणारे आपण

क्लाउन म्हटले की आपल्याला सर्कशीतला जोकर आठवतो. सर्कशीत तो दोन खेळांमधली वेळ भरून काढतो. ‘क्लाउन थिएटर’मध्ये मात्र संपूर्ण नाटक त्याच्याच खांद्यावर असते. हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. ‘मृच्छकटिक’ नाटकातला मैत्रेय हा विदूषक आणि तमाशातला सोंगाड्या हे त्याचेच भाऊबंद.

सुट्टीत मुंबईला जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रजत कपूर दिग्दर्शित ‘हॅम्लेट – द क्लाउन प्रिन्स’ हे नाटक मी पाहिले. १९७८ साली उघडलेल्या या नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे नटाच्या चेहऱ्यावरची रेषही सुटत नाही. विदूषकांची एक टोळी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ करायला निघते आणि सारा गोंधळ होतो. बरेचसे संवाद निरर्थक, बनावट भाषेत आहेत. तरीही कोण रागावला, कोण घाबरला हे सहज कळते, कारण अर्थ शब्दांत नसून आवाजाच्या चढउतारात आणि शरीराच्या हालचालीत असतो. मध्येच विदूषक थांबून थेट प्रेक्षकांशी बोलतात. खो खो हसणारे सभागृह हॅम्लेटच्या दुःखाशी क्षणात शांत झाले, तेव्हा माझ्याही घशात आवंढा आला.

हे साधते कसे? फ्रान्सचे नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला शाळा काढली. पुढे एका वर्गात त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक करून पुढे येऊन इतरांना हसवायला सांगितले. कोलांट्या झाल्या, कोट्या झाल्या, कोणी हसेना. शेवटी विद्यार्थी हिरमुसून जागेवर बसायला निघाले आणि तेव्हा सगळे हसले! क्लाउनचे मर्म त्यांना येथे सापडले. क्लाउन आपली फजिती लपवत नाही. तो पडतो, आपल्याकडे पाहतो आणि पुन्हा तितक्याच मनापासून प्रयत्न करतो. अर्थात हे पडणे कसून तालीम केलेले असते. क्षणभर उशीर झाला तरी हसू हुकते. ड्रिलमध्ये एकाचे पाऊल चुकले की सारी ओळ बिघडते, तसेच हे.

आपल्याकडे हाउसच्या करमणुकीच्या कार्यक्रमात बहुतेक प्रवेश कोणाच्या तरी बोलण्याची, चालण्याची नक्कल करून हसवतात. ऑब्स्टॅकल कोर्सवर कोणी दोरावरून घसरला तरी हशा पिकतो. पण क्लाउन स्वतःचे पडणे स्वतःहून आपल्यापुढे ठेवतो. दोरावरून घसरलेल्या मित्राने तसे काही ठेवलेले नसते. त्याला आधी हात द्यावा. उठल्यावर तो स्वतः हसला, तर मग आपणही खुशाल हसावे.