बेलापूर स्टेशनापासून फुले मंडईपर्यंत

दौंड-मनमाड लोहमार्गाने श्रीरामपूरला उतरणारा नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. रेल्वेच्या दप्तरी त्या स्थानकाचे नाव 'बेलापूर' आहे. परंतु बेलापूर गाव तेथून काही किलोमीटर दूर, प्रवरेच्या काठी वसलेले आहे. १८७८ मध्ये हा मार्ग सुरू झाला, त्या वेळी परिसरातील नाव घेण्याजोगे गाव बेलापूर हेच होते, म्हणून स्थानकाला त्याचे नाव मिळाले. पुढे प्रवरेचे कालवे आले, भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, ऊस आला. साखर कारखाना उभा राहिला तोही 'बेलापूर कंपनी' या नावाने. परंतु उभा राहिला हरेगावला. गुळाचा आणि धान्याचा व्यापार रुळांजवळ जमला आणि त्यातून श्रीरामपूर वाढले. नाव बेलापूरचे राहिले, बाजार मात्र श्रीरामपूरचा झाला. (नवी मुंबईतील बेलापुराने या गोंधळात आणखी भर घातली. तेव्हापासून येथल्या माणसाला परगावी 'नगर जिल्ह्यातले बेलापूर' असा खुलासा करावा लागतो.)

बेलापूरकरांच्या घरोघरी ही गोष्ट थोडी हळहळून सांगितली जाते. परंतु ती एकट्या बेलापूरची नाही. जेथे माल सहज उतरतो तेथे बाजार जातो, हा व्यापाराचा जुना स्वभाव आहे आणि मोठी शहरेही त्याला अपवाद नाहीत. बेलापूर-श्रीरामपूर भागातील अनेक कुटुंबांची मुले-सुना आता पुण्या-मुंबईत असतात. त्यांच्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना फिरवण्यासाठी मॉलमध्ये नेण्याची रीत पडली आहे. त्यातील एखादी सकाळ शहराच्या जुन्या मंडईसाठी राखून ठेवली, तर आपल्या गावाचीच कथा निराळ्या वेशात पाहावयास मिळते.

पुण्याची भाजी पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर विकली जात असे. ऊन, पाऊस, चिखल आणि गर्दी यांवर उपाय म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत बंदिस्त बाजार बांधला. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते १८८६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांच्याच नावाने तो 'रे मार्केट' म्हणून ओळखला जाऊ लागला. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चोहोबाजूंना फुटलेली दालने अशी ही दगडी वास्तू आहे. वासुदेव बापूजी कानिटकर यांचे नाव तिच्या उभारणीशी जोडलेले आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बाजारापेक्षा एखाद्या प्रार्थनामंदिरासारखीच वाटते.

या इमारतीचा खर्च मात्र वादाचा विषय ठरला. लाखांच्या घरातील ही रक्कम त्या काळच्या पुण्यासाठी लहान नव्हती. नगरपालिकेचे सदस्य राहिलेले महात्मा जोतीराव फुले यांनी तिला विरोध केला. पैसा असेलच तर तो बहुजनांच्या शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप बाजाराशी संबंध नसलेल्या एखाद्या पंडिताचा नव्हता. फुले माळी समाजातले. त्यांचे आडनावच घरच्या फुलांच्या धंद्यावरून पडलेले. टोपलीत भाजी घेऊन येणारी बाई कोण असते आणि तिच्या पदरात दिवसाअखेर काय पडते, हे त्यांना ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होते. मैदानावर छप्पर नव्हते. छप्पर आले की भाडे येते, आणि भाडे शेवटी भाजीच्या दरात किंवा विकणाऱ्याच्या पोटात कोठेतरी वसूल होते. हिशेबाच्या वहीत ही नोंद कोणाच्या नावे पडणार, हा प्रश्न तेव्हा रास्त होता आणि आजही आहे.

फुले यांचा विरोध मान्य झाला नाही. मंडई उभी राहिली. पुढे याच मंडईला 'महात्मा फुले मंडई' हे नाव देण्यात आले. आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. ज्या खर्चाला एका माणसाने विरोध केला, त्याच खर्चातून उभ्या राहिलेल्या वास्तूवर त्याचे नाव कोरले गेले. यात विसंगती शोधणारे शोधतात. परंतु खर्च झाल्यावर ती वास्तू ज्यांच्या उपयोगी पडली, ती माणसे फुले यांचीच होती, हेही विसरून चालत नाही.

मंडईत शिरताच दिसतात ते दगडी ओटे. चहूबाजूंनी भाजीच्या राशी आणि मधोमध मांडी घालून बसलेला विक्रेता. गिऱ्हाईक खाली उभे, विक्रेता वर बसलेला, त्यामुळे बोलण्यातला तोराही त्याच्याकडेच. पुणेकर ज्याला कौतुकाने 'मंडई विद्यापीठ' म्हणतात, त्या सडेतोड भाषेचे मूळ या बैठकीत असावे! एका दालनात पालेभाज्यांच्या जुड्या, एकीकडे कांदा-बटाटा, एकीकडे फळे. थंडीत चाकवत, हरभऱ्याचा पाला, ओला वाटाणा येतो. भोगीच्या आदल्या दिवशी तर वांगी, वालपापडी, बोरे, तीळ, ऊस यांसाठी पाय ठेवायला जागा उरत नाही. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरातील गृहिणी कांदा-बटाट्याच्या ओळीला वळसा घालून जाते, आणि आठम-चौदसला तर हिरव्या भाजीकडेही पाहत नाही. त्या दिवशी तिची पावले कडधान्याच्या दुकानाकडे वळतात. बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पलीकडे तुळशीबाग, जवळच बुरूड आळी. वेताच्या टोपल्या, सुपे आणि परड्या विणणारे हात तेथे अजून पाहता येतात.

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट पुण्याच्या मंडईपेक्षा वयाने सतरा वर्षांनी मोठे. १८६९ मध्ये ते पूर्ण झाले. आराखडा विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाचा. कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियलही पुढे त्यांनीच घडवले. प्रवेशद्वारावरची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. हे जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवीत, लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव. प्रवेशद्वारी थांबून मान वर करून ही शिल्पे अवश्य पाहावीत. तेथे देव नाहीत, राजे नाहीत. शेतात राबणारी माणसे आहेत. आतल्या फरशीसाठी दगड थेट स्कॉटलंडमधील केथनेस येथून आणला होता. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लागले. विजेने उजळलेली ही देशातील पहिली इमारत असे सांगितले जाते.

ज्यांचे नाव या बाजाराला मिळाले ते आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. शहर स्वच्छ आणि देखणे करण्याची त्यांची हौस दांडगी होती आणि हात सैल होता. खर्च इतका वाढला की १८७१ मध्ये करदाते खवळले, क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले आणि १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेचा कारभार नव्याने बांधला गेला. म्हणजे पुण्याप्रमाणे येथेही दगडी बाजाराच्या आगेमागे पैशाची भांडणे आहेतच. हेच क्रॉफर्ड नंतर मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्यास आले. अहमदनगर जिल्हाही त्याच विभागात मोडत असे. १८८८ मध्ये लाचलुचपतीच्या आरोपांवरून त्यांची चौकशी झाली. लाचेचा आरोप टिकला नाही. पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचे सिद्ध झाले आणि नोकरी गेली. या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लावून धरली होती. आज क्रॉफर्ड यांचे नाव अधिकृतरीत्या पुसले गेले आहे आणि मुंबईची ही मंडईही महात्मा जोतिबा फुले यांच्याच नावाने आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'क्रॉफर्ड'च.

या बाजाराची शोभा फळांच्या बाजूला आहे. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या उघडल्या की वास रस्त्यापर्यंत येतो. पेटीतील आंबा डझनावर मोजला जातो, त्यामुळे आकार पाहिल्याखेरीज भाव समजत नाही. सुक्या मेव्याची दुकाने, परदेशी फळे, बेकरीचे साहित्य, सारे एका छताखाली मिळते. मांसविक्रीचा आणि पिंजऱ्यातील पशुपक्ष्यांचा विभागही याच आवारात आहे. ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी फळांच्या बाजूने आत शिरून तिकडूनच परतावे. तेथून भुलेश्वरची भाजीगल्ली फार लांब नाही. रुंदीने अरुंद, गर्दीने जड, पण शाकाहारी घराला लागणारे सारे तेथे आहे. आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला मुंबईचा पांजरापोळही त्याच वस्तीत आहे. मसाल्याची हौस असेल त्यांनी मात्र लालबागला जावे. मिरची, धने, खडा मसाला निवडून घ्यायचा, समोर भाजून घ्यायचा आणि डंकावर कुटून घ्यायचा, अशी तेथली पद्धत आहे. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्यासाठी रांगा लागतात.

आता या दोन्ही मंडयांतून गेलेल्या बाजाराकडे वळायला हवे. पुण्याचा घाऊक व्यापार पेठांमधून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मुंबईत कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये, आणि भाजी व फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये नवी मुंबईत, वाशीला हलला. कारणे स्टेशनामागे गेलेल्या बेलापूरच्या बाजारासारखीच: बैलगाडीच्या काळातल्या गल्लीत ट्रक मावत नाही. वाशीला पहाटे गेल्यास दिसते ती मंडई नव्हे, ती ट्रकांची छावणी. नाशिक, पुणे, नगर या जिल्ह्यांचा माल तेथे रात्रीत उतरतो आणि उजाडेपर्यंत त्याचा भाव ठरून गेलेला असतो.

या घाऊक बाजारांचे नियमन १९६३ च्या राज्य कायद्याने बाजार समित्यांकडे आले. नियमनाची कल्पना मात्र जुनी. वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ मध्येच सुरू झाला होता. पुण्याची मंडई उघडली तेच हे साल. पुण्यात विकणाऱ्याला छप्पर मिळाले, तर कारंज्यात त्याच्या मापाला आणि सौद्याला नियम मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक. शेतमालाच्या पट्टीवर विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई आणि आडत वजा होऊन उरलेला आकडा घेऊन गावी परतलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. पट्टीवरची एक वजाबाकी त्यामुळे कमी झाली. भाव ठरवण्याची ताकद शेतकऱ्याकडे किती आली, हा निराळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर गुलटेकडीला एक सकाळ उभे राहिले तर बरेचसे मिळते.

घाऊक व्यापार निघून गेल्यावर जुन्या इमारतीचे काय करायचे, हा प्रश्न जगभर पडला. पॅरिसचा शतकानुशतके चाललेला मध्यवर्ती बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीस येथे नेण्यात आला आणि त्याचे लोखंडी मंडप दोन-तीन वर्षांतच पाडायला घेतले. लंडनचा कॉव्हेंट गार्डन बाजार १९७४ मध्ये हलला. तेथे वास्तू वाचवली, पण ती आता पर्यटकांची आहे. पहिल्या ठिकाणी इमारत गेली, दुसऱ्या ठिकाणी भाजीवाला गेला. पुण्या-मुंबईच्या फुले मंडयांचे विशेष असे की, घाऊक व्यापार जाऊनही दोन्ही गोष्टी अजून शाबूत आहेत. इमारत वारसा म्हणून जपली जाते आणि तिच्यात पाव किलो भेंडी देणारा माणूसही बसलेला आहे.

मॉलमधील खाद्यदालनांशी त्यांची तुलना येथेच करता येते. दालन स्वच्छ असते, थंड असते, 'जैन' अशी वेगळी पाटीही असते. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली पावभाजी मिळते आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची सोय होते. ज्येष्ठांना बसायला खुर्ची मिळते, हेही लहान सुख नव्हे. परंतु त्या छताचे भाडे बाजारभावाने आकारले जाते, आणि ते परवडणाराच तेथे दुकान मांडतो. गावाकडून चार पेंढ्या मेथी घेऊन आलेल्या बाईला तेथे जागा नाही. सार्वजनिक मंडईत गाळ्याचे भाडे, झाडलोट, पाणी आणि दिवे यांचा हिशेब पालिकेच्या अंदाजपत्रकात मांडला जातो. त्यावर भांडता येते, तो वाढवता-घटवता येतो. फुले यांनी जो प्रश्न सभेत विचारला, तो विचारायला आज तेवढी एकच जागा उरली आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावू लागली आहे आणि मंडईचे स्थानक स्वारगेटच्या अलीकडचे आहे; एस.टी.ने स्वारगेटला उतरणाऱ्याला एकच स्थानक मागे यावे लागते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी गाठता येते. दोन्हीकडे सकाळीच जावे, कापडी पिशवी न्यावी, आणि पहिल्या ओट्यावर खरेदी न करता एक फेरी पूर्ण मारावी. भाव विचारताना संकोच करू नये. विचारला नाही तर विक्रेत्यालाच चुकल्यासारखे वाटते.